कडब्याचा बुडखा म्हैस का टाकते?

गव्हाणीत कडबा टाकला की जनावर आधी पानं ओढतं, मग शेंड्याकडची कोवळी पेरं खातं आणि जमिनीलगतची जाड पेरं बाजूला सारतं. संध्याकाळी उरलेलं चघळ पाहिलं तर ते बहुतेक याच पेरांचं असतं. कुट्टी यंत्राने निवडून खायची सोय काढून घेतली, पण कुट्टी होऊन पोटात गेलेला बुडखाही पुरता पचत नाही. त्याचा बराच भाग शेणातून बाहेर पडतो.

कोडं असं, की या बुडख्यात साखरेची वानवा नाही. वाळलेल्या ताटाच्या पेशीभित्तिकांचा मोठा भाग म्हणजे सेल्युलोज आणि त्याचे भाऊबंद, अर्थात साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. कापूस तर जवळजवळ निव्वळ सेल्युलोजच. या साखळ्या आपल्याला पचत नाहीत, पण रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोटीपोटात त्या तोडणारे सूक्ष्मजीव मुक्कामालाच असतात. साखर आहे, ती तोडणारे आहेत, वेळही भरपूर आहे. मग अडतं कुठे?

अडतं ते भित्तिकेतल्या फिनॉल वर्गाच्या संयुगांपाशी. ती मोजण्याचं शास्त्र शंभरेक वर्षांहून जुनं आहे, आणि तरीही त्यात एक गंमत शिल्लक आहे: एकाच ताटाच्या भुकटीला दोन प्रयोगशाळा त्यांतल्या लिग्निन या घटकाचे दुपटीच्या फरकाचे आकडे देऊ शकतात, आणि हिशेबात दोघींचीही चूक नसते.

भिंत कुडाची

सह्याद्रीच्या गावांत कुडाच्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना पेशीभित्तिका समजावून सांगणं सोपं. कुडात कारवीच्या काठ्या उभ्या असतात, त्या आडव्या बांधून घेतलेल्या असतात आणि वरून शेणमातीचा लेप असतो. पेशीभित्तिकेतल्या काठ्या म्हणजे सेल्युलोजचे धागे. त्यांना बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या म्हणजे हेमिसेल्युलोज. ज्वारी, मका, गहू, ऊस, भात या सगळ्या गवतकुळात त्यातलं मुख्य असतं अरॅबिनोझायलन. आणि ताट जून होताना काठ्या-दोऱ्यांच्या फटींत भरत जाणारा लेप म्हणजे लिग्निन.

लेपाखाली दोऱ्यांना गाठीही मारलेल्या असतात. अरॅबिनोझायलनच्या साखळीला बाजूने अरॅबिनोज नावाच्या साखरेच्या छोट्या फांद्या फुटतात आणि त्यांतल्या काहींच्या टोकाला फेरुलिक आम्ल चिकटलेलं असतं. शेजारच्या दोन साखळ्यांवरची अशी दोन आम्लं एकमेकांना जोडली गेली की गाठ बसली. हे काम वनस्पतीतलं पेरॉक्सिडेज नावाचं विकर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने करतं. तेच फेरुलिक आम्ल दुसऱ्या टोकाने लिग्निनलाही धरून ठेवतं. म्हणजे दोरी लेपाला आवळलेली, आणि लेप दोरीला.

फेरुलिक आम्लाशी आपली ओळख स्वयंपाकघरातली आहे. १८६६ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी ते पहिल्यांदा वेगळं केलं ते हिंगातून. हळदीचा पिवळेपणा देणारं कुर्कुमिनही रचनेने अशाच दोन तुकड्यांच्या जोडणीतून बनलेलं असतं. मक्याच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल वजनाच्या सुमारे ३ टक्के, तर गव्हाच्या कोंड्यात साधारण अर्धा टक्का भरतं.

लिग्निनची तऱ्हा वेगळी. तीन प्रकारचे फिनॉलिक अल्कोहोल भित्तिकेत येतात, तिथे ते अस्थिर मूलकांत बदलतात आणि जसे भेटतील तसे जोडले जातात. सेल्युलोजमध्ये एकच जोड हजारो वेळा येतो, म्हणून त्याला तोडणारं विकरही ठरलेलं. लिग्निनमध्ये जोडांचे अनेक प्रकार आहेत आणि त्यांना ठरावीक क्रम नाही. लाकूड कुजवणाऱ्या काही बुरशा ते तोडतात, पण त्यासाठी त्यांना हवेतला ऑक्सिजन लागतो. कोटीपोटात ऑक्सिजन नसल्यातच जमा. त्यामुळे तिथले सूक्ष्मजीव लेपावरच थांबतात.

फिनॉलच्या तीन खोडी

सहा कार्बन अणूंचं कडं आणि त्याला थेट जोडलेला ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट, अशी रचना असलेलं संयुग ते फिनॉल. या रचनेला तीन खोडी आहेत, आणि पुढे येणारी बहुतेक प्रत्येक चाचणी त्यांतल्या एखादीवर उभी आहे.

पहिली खोड अशी, की अल्कलीत फिनॉल आपला हायड्रोजन सोडून देतं आणि बऱ्याचदा रंग बदलतं. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो तो यामुळे. गव्हाचं काड कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवलं तर काही मिनिटांत पाणी पिवळंधमक होतं.

दुसरी खोड: फिनॉल इलेक्ट्रॉन चटकन देऊन टाकतं. चिरलेलं वांगं काळं पडतं ते त्यातल्या फिनॉल संयुगांचं ऑक्सिडीकरण झाल्यामुळे. जुनं वर्तमानपत्र उन्हात पिवळं पडतं, कारण त्या स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं.

तिसरी खोड प्रकाशाची. फिनॉलचं कडं अतिनील किरण शोषतं, आणि काही फिनॉलं ते शोषून दिसेल असा प्रकाश परत टाकतात. फिलिप हॅरिस आणि रॉय हार्टले यांनी १९७६ मध्ये 'नेचर'मध्ये हेच वापरून दाखवलं. गवताच्या पानाचा किंवा खोडाचा पातळ काप अतिनील प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पेशीभित्तिका निळ्या उजळतात. त्यावर अमोनिया सोडला की तो निळा रंग हिरव्याकडे झुकतो आणि आणखी तेजस्वी होतो. आम्लाला अल्कली भेटल्याची ही खूण. भित्तिकेत फेरुलिक आम्ल बांधलेलं आहे, हे असं एका नजरेत कळतं. किती आहे, ते मात्र यातून कळत नाही.

आधी धुणं

मोजायचं तर ताट वाळवावं लागतं. ते भट्टीत भाजून चालत नाही. साधारण ६० अंशांपेक्षा जास्त उष्णता दिली तर साखरा आणि प्रथिनं मिळून एक तपकिरी, न विरघळणारा पदार्थ तयार होतो आणि पुढे तो लिग्निन म्हणून मोजला जातो. मग एक मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतकं बारीक दळायचं.

त्यानंतरची पायरी कंटाळवाणी आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचीही. भुकटी गरम पाणीमिश्रित अल्कोहोलने पुन्हा पुन्हा धुवायची. ताटात भित्तिकेत बांधलेली फिनॉलं असतात तशी पेशीच्या रसात मोकळी विरघळलेलीही असतात: रंगद्रव्यं, काही ज्वारींत टॅनिन, किडीला दूर ठेवणारी कडवट संयुगं. ती जनावराच्या तोंडाला लागतात, पण कुडाच्या भिंतीत त्यांचा भाग नसतो. धुतलं नाही तर दोन्हींची सरमिसळ होते. धान्याचा नमुना असेल तर स्टार्चही विकराने काढून टाकावा लागतो. धुऊन उरलेली फिकट, चवहीन पूड म्हणजे जवळपास निव्वळ पेशीभित्तिका.

अल्कलीत एक रात्र

आता गाठी सोडवायच्या. फेरुलिक आम्ल साखरेला ज्या जोडाने चिकटलेलं असतं त्याला एस्टर म्हणतात, आणि एस्टर अल्कलीत तुटतो. लिटरला ८० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड घातलेल्या पाण्यात ती पूड खोलीच्याच तापमानाला रात्रभर ठेवायची. बाटलीतली हवा काढून तिथे नायट्रोजन भरायचा, कारण अल्कलीतलं फिनॉल ऑक्सिजन दिसताच दुसऱ्या खोडीवर जातं आणि मोजायच्या आतच बिघडतं. बाटलीला काळा कागद किंवा अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळायची. उजेडात फेरुलिक आम्लाचा रेणू मुरडून दुसरा आकार घेतो आणि एकाच पदार्थाच्या दोन नोंदी दिसू लागतात.

सकाळी त्यात आम्ल ओतून द्रावण चांगलंच आंबट करायचं. सुटलेली आम्लं आता विद्युतभार सोडतात, पाण्यात रमत नाहीत आणि वर ओतलेल्या इथाइल अ‍ॅसिटेटच्या थरात निघून येतात. तो थर उडवून टाकला की परीक्षानळीच्या तळाशी राहतो एक पिवळसर ओशट थर. आपल्याला हवं ते सगळं त्यात असतं.

या सौम्य पायरीत फक्त एस्टर सुटतात. फेरुलिक आम्लाचा लिग्निनशी असलेला जोड इथर जातीचा असतो आणि तो असा ऐकत नाही. त्यासाठी दुप्पट तीव्र अल्कली आणि सुमारे १७० अंशांचं बंद पात्र लागतं. दोन्ही पायऱ्यांतल्या आकड्यांची वजाबाकी केली की दोरी आणि लेप यांना एकत्र आवळणारे धागे किती, याचा अंदाज येतो.

एकेक वेगळं काढणं

त्या ओशट थरात फेरुलिक आम्ल एकटं नसतं. त्याचं भावंड पॅरा-कुमॅरिक आम्लही असतं, गाठींचे जोडरेणू असतात आणि इतर किरकोळ मंडळी. त्यांना वेगळं करतं एचपीएलसी, म्हणजे उच्च दाबाची द्रव वर्णलेखन पद्धत. बोटभर लांबीच्या पोलादी नळीत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण ठासलेले असतात आणि त्यांवर अठरा कार्बनच्या तेलकट साखळ्या बसवलेल्या असतात. नमुना त्यातून आम्लयुक्त पाणी आणि मिथेनॉल यांच्या प्रवाहाबरोबर ढकलला जातो. ज्या रेणूला तेलकटपणा जास्त भावतो तो अडखळत पुढे जातो. पॅरा-कुमॅरिक आधी बाहेर पडतं. एक जादा मिथॉक्सी गट घेऊन फिरणारं फेरुलिक थोड्या वेळाने. नळीच्या टोकाला ३२० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश लावलेला असतो. तिसरी खोड इथे कामी येते: रेणू समोरून गेला की प्रकाश शोषला जातो आणि पडद्यावर शिखर उमटतं. शुद्ध फेरुलिक आम्लाच्या ठरलेल्या मात्रेचं शिखर शेजारी ठेवून क्षेत्रफळाची तुलना केली की मिलिग्रॅममध्ये उत्तर मिळतं.

गाठ ओळखायची तर वजन पाहावं. फेरुलिक आम्लाचा रेणुभार १९४. असे दोन जोडताना दोन हायड्रोजन गळतात, म्हणून वस्तुमान वर्णपटमापकाने ३८६ दाखवलं की समजावं, एक गाठ सापडली. ३८६ भाराच्याही अनेक तऱ्हा असतात, कारण ही दोन कडी वेगवेगळ्या जागी जोडली जाऊ शकतात. बरीच वर्षं शास्त्रज्ञ त्यांतली एकच तऱ्हा मोजत होते. जॉन राल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये बाकीच्या ओळखल्या, तेव्हा कळलं की आधीचे गाठींचे आकडे फारच कमी होते.

फेरुलिक आणि पॅरा-कुमॅरिक यांचे आकडे एकत्र बेरजून लिहिण्याची सवय काही अहवालांत दिसते. ती बरी नव्हे. गवतात पॅरा-कुमॅरिक मुख्यतः लिग्निनला लटकलेलं असतं आणि ताट जून होत जातं तसं वाढतं. फेरुलिक मुख्यतः दोरीवर असतं. दोघांचा अर्थ निराळा.

लेपाचं वजन

लिग्निन अल्कलीने असं सुटं होऊन येत नाही. म्हणून उलटा डाव टाकतात: बाकी सगळं विरघळवायचं आणि जे उरेल त्याला लिग्निन म्हणायचं. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ पीटर क्लासॉन यांच्या नावाची पद्धत अशीच आहे. ७२ टक्के तीव्रतेच्या गंधकाम्लात पूड मुरवायची, मग आम्ल तीन-चार टक्क्यांपर्यंत पातळ करून १२१ अंशांवर तासभर शिजवायचं. साखळ्या तुटून साखरेचं पाणी होतं. गाळणीवर राहते गडद तपकिरी, कॉफीच्या चोथ्यासारखी पूड. ती वाळवून तोलायची, मग भट्टीत जाळून राख तोलायची आणि वजा करायची. गवतात वाळूचाच भाऊबंद असलेला सिलिका पुष्कळ असतो, भाताच्या पेंढ्यात तर विचारूच नका.

चाऱ्याच्या प्रयोगशाळांत मात्र बहुधा दुसरी पद्धत चालते. अमेरिकन संशोधक पीटर व्हान सोस्ट यांनी ती १९६० च्या दशकात बसवली. यात नमुना आधी आम्लयुक्त डिटर्जंटमध्ये तासभर उकळतात आणि मग ७२ टक्के गंधकाम्लात घालतात. अडचण त्या पहिल्या उकळीत आहे. गवताच्या लिग्निनचा काही भाग गरम आम्लात विरघळून गाळणीखाली वाहून जातो. दुसरीकडे क्लासॉनच्या पद्धतीत पाल्याची काही प्रथिनं गाळणीवर राहतात आणि लिग्निन म्हणून तोलली जातात. एक पद्धत कमी सांगते, एक थोडं जास्त. म्हणून त्याच कडब्याला क्लासॉनचा आकडा व्हान सोस्टच्या दुप्पट किंवा त्याहूनही मोठा येतो.

डोळ्यांना दिसणारी जुनी चाचणी हवी असेल तर ती व्हिएन्नाच्या यूलियस व्हीस्नर यांची, १८७८ सालची. जून पेराचा पातळ आडवा काप घ्या, फ्लोरोग्लुसिनॉलचा थेंब टाका, वर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा. बघता बघता सालीलगतचं कडं आणि भेंडातले वाहिन्यांचे ठिपके किरमिजी होतात. भेंड फिकटच राहतो. शेंड्याच्या कोवळ्या पेराचा काप शेजारी ठेवला तर तो जेमतेम गुलाबी. म्हशीची निवड काचपट्टीवर उतरलेली दिसते. पण हा रंग लिग्निनच्या फक्त अल्डिहाइड टोकांना चढतो. ज्या वाणात अल्कोहोल बनवणारं शेवटचं विकर बिघडलेलं असतं, तिथे अल्डिहाइडच साठत जातात आणि काप आणखी गडद रंगतो, लिग्निन कमी असूनही.

चौकट : कुठली चाचणी काय सांगते

*अतिनील प्रकाश आणि अमोनिया:* फेरुलिक आम्ल भित्तिकेत कुठे आहे. किती, ते नाही.
*सौम्य अल्कली व एचपीएलसी:* एस्टर जोडाची फेरुलिक व पॅरा-कुमॅरिक आम्लं, मिलिग्रॅममध्ये.
*तीव्र, गरम अल्कली:* इथर जोडाचीही.
*क्लासॉन:* आम्लात न विरघळणारं सगळं. पाला जास्त असेल तर प्रथिनांसकट.
*व्हान सोस्ट:* डिटर्जंटच्या उकळीनंतर उरलेलं लिग्निन. गवतात ते कमी भरतं.
*फ्लोरोग्लुसिनॉल:* अल्डिहाइड टोकं कुठे आहेत.
*फोलिन-चोकाल्तेउ:* इलेक्ट्रॉन देणारं एकूण सगळं.

निळ्या रंगाची फसवणूक

चौकटीतलं शेवटचं नाव आरोग्यविषयक लेखांतून आणि पाकिटांवरून फिरत असतं, 'टोटल फिनॉलिक्स' या थाटात. फोलिन आणि चोकाल्तेउ यांनी १९२७ मध्ये दिलेला पिवळा अभिकर्मक फिनॉलकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि निळा होतो. निळाई मोजली की झालं. स्वस्त, झटपट, म्हणून लोकप्रिय. पण इलेक्ट्रॉन देणारं फक्त फिनॉलच नसतं. 'क' जीवनसत्त्व देतं, काही साखरा देतात, प्रथिनांतलं टायरोसिन देतं. मुळात हा अभिकर्मक प्रथिनांतल्या अशाच घटकांसाठी बनवला होता. शिवाय नमुना नुसत्या अल्कोहोलने काढलेला असेल तर भित्तिकेत बांधलेलं काहीच त्यात येत नाही, आणि गहू-मक्यात फेरुलिक आम्लाचा बहुतांश भाग बांधलेलाच असतो. कोंड्याला कमी लेखायचं असेल तर ही चाचणी तशीच्या तशी वापरावी.

गोठ्यापर्यंत

याचा गोठ्यात काय उपयोग? दोन ठिकाणी तरी सरळ आहे.

एक, वाणांची निवड. मक्यात १९२४ मध्ये आणि ज्वारीत १९७८ मध्ये अशी झाडं नोंदली गेली, ज्यांच्या पानाची मधली शीर तपकिरी दिसते. लिग्निनसाठी लागणाऱ्या अल्कोहोलची शेवटची एखादी पायरी त्यांच्यात बिघडलेली असते. लेप पातळ होतो, चारा जास्त पचतो; काही वाणांत ताट लोळण्याची किंवा उत्पादन घटण्याची किंमतही मोजावी लागते. मंगळवेढ्याकडचा मालदांडीचा कडबा मागून घेणारे व्यापारी रसायनशास्त्र शिकलेले नसतात, पण हैदराबादच्या चारा बाजारात केलेल्या अभ्यासात दिसलं, की गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतात तो कडबा प्रयोगशाळेतही जास्त पचनीय निघतो.

दोन, युरियाची प्रक्रिया. १०० किलो वाळलेल्या, निकृष्ट चाऱ्यावर ४ किलो युरिया ५०-६० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडतात आणि तीन आठवडे हवाबंद झाकतात. युरियातून अमोनिया सुटतो आणि अल्कली होऊन एस्टर तोडतो. प्रयोगशाळेतल्या रात्रभराच्या अल्कलीचंच हे संथ रूप. लेप जवळपास तसाच राहतो, पण दोऱ्यांच्या गाठी सुटतात आणि सूक्ष्मजीवांना आत शिरायला वाट मिळते. अशा चाऱ्याचं लिग्निन आधी आणि नंतर मोजून पाहिलं तर फरक फारसा दिसणार नाही आणि प्रक्रिया वाया गेली असं वाटेल. तोच चारा सौम्य अल्कलीने तपासला तर फेरुलिक आम्लाचा आकडा घटलेला दिसेल. (ही प्रक्रिया पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच करा, सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना असा चारा देत नाहीत, आणि न मुरलेला युरिया कोणत्याही जनावराला विषच.)

आता बऱ्याच ठिकाणी अवरक्त किरणांचं यंत्र मिनिटभरात चाऱ्याचे सगळे आकडे देतं. ते स्वतः काहीच विरघळवत नाही. आधी ओल्या रसायनाने तपासलेल्या शेकडो नमुन्यांवरून ते शिकलेलं असतं. ते नमुने क्लासॉनने तपासले असतील तर यंत्र क्लासॉनचं बोलतं, व्हान सोस्टने तपासले असतील तर त्याचं. तेव्हा चाऱ्याचा अहवाल हातात आला की लिग्निनच्या टक्केवारीसमोर पद्धतीचं नाव आहे का ते आधी पाहा, नसेल तर प्रयोगशाळेला विचारा, आणि दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून कडब्याचा भाव ठरवू नका.